सम-विषम

जूनच्या सभेत स्टीलच्या डब्यात चौदा चिठ्ठ्या होत्या,
जागा नऊ.
तळमजल्यावरच्या ईराने डोळे मिटून हात घातला,
लहान मुलाने काढली की भांडण होत नाही म्हणे.
माझी चिठ्ठी डब्यातच राहिली.

सेक्रेटरी बोरस्ते उपविधी उघडूनच बसले होते.
"वहिनी, जागा सोसायटीची. वर्षापुरती.
विकता येत नाही, वारसाने मिळत नाही."
ह्यांनी बिल्डरला चाळीस हजार दिले होते, रोख,
साध्या कागदावर पावती: खांब क्रमांक सात.
ती मी पर्समध्ये घडी घालून नेली होती.
दाखवली नाही.
जे विकताच येत नाही ते आम्ही विकत घेतलं होतं
आणि एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी
तिथे येऊन हुश्श केलं होतं.

गाडी रस्त्यावर गेली.

गंगापूर रोडच्या आतली आमची गल्ली.
निंबाच्या बाजूला पी-१ ची पाटी, भिंतीच्या बाजूला पी-२.
विषम तारखेला निंब, सम तारखेला भिंत.
मला गाडी येत नव्हती.
वॉचमन गावित हलवायचा. सुरगाण्याचा,
आधी ट्रॅक्टर शिकलेला,
म्हणून झेनलाही चिखलातून काढल्यासारखा रेटायचा.
आवणीला तो गावी गेला,
आणि मला तारखांचं काही वाटेनासं झालं होतं तेव्हा.

कुकरची दुसरी शिट्टी,
आणि खालून भोंगा:
एमएच पंधरा, राखाडी झेन,
तीन नऊ शून्य सात,
गाडीमालक असतील तर...

ह्यांच्यानंतर तो नंबर कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता.
दवाखान्यात असंच पुकारायचे,
आडनाव आधी.
गाऊनवर ओढणी घेऊन जिने उतरले तोवर
पुढची चाकं हवेत.
व्हॅनवरचा पोरगा म्हणाला,
"मावशी, आज बावीस आहे."
त्याचा आवाज वाईट नव्हता.
खरंच बावीस होती.

आवारात, दंड भरून झाल्यावर
हवालदार बाईंनी विचारलं, "चालवणार कोण?"
साधाच प्रश्न.
मला तो महिनाभर पुरला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी पेठ रोडला
मी आठचा आकडा काढला.
दोनदा नापास होऊन.
तिसऱ्यांदा गावित फाटकाबाहेर उभा होता,
सुट्टी टाकून, डबा घेऊन.

आता मीच हलवते.
कायद्याने तारीख रात्री बाराला बदलते,
व्हॅनवाल्यांची साडेनऊला,
आमच्या गल्लीची त्या दोन्हींच्या मधे कधीतरी.
नाइट ड्रेसवाले, अंघोळ झालेले, दात घासणारे,
सगळे किल्ल्या घेऊन उतरतात.
इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत जायचं,
वळायचं,
समोर येऊन लागायचं.
थंडीत काचेवर दव असतं, ते पुसताना
मी ह्यांचंच फडकं वापरते,
अजून न धुतलेलं.

एक मोकळीक आहे, नियम करणाऱ्यांना ठाऊक असेल नसेल:
एकतीस विषम, आणि एकही विषम.
दोन दिवस गाडी निंबाखालीच.
पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा
किल्ली हातात घेऊन मी खाली उभी,
करायला काहीच नाही.
मग तशीच निघाले.
धरणापर्यंत गेले आणि परत आले.
दुसऱ्या गिअरमध्ये, बहुतेक सगळं.

दोन तारखेला हलवली की खाली चौकोन उरतो,
चहूकडे निंबाच्या काड्या,
मधोमध तेलाचा थेंब.
भिंतीकडेही तसाच एक झालाय.
पहिला अजून खांब सातपाशी आहे,
बागुलांच्या लाल गाडीखाली.
त्यांनी फरशी ॲसिडने घासून पाहिली,
गेला नाही.

बोरस्ते काल जिन्यात भेटले.
"वहिनी, जूनमध्ये परत चिठ्ठ्या.
टाकू ना तुमची?"
टाका म्हटलं.
आणि खाली गेले,
सोळा तारीख होती.